फाटकापर्यंत आलेला तेरडा

"थांबा! एक पाऊल पुढं टाकलंत तर बघा!"

टेम्पोतून उतरलेला तरुण फाटकातच थबकला. मलकापुरातल्या त्या अंगणात तेरडा, गुलबक्षी, कॉसमॉस कमरेएवढे माजले होते. कुणी न पेरता उगवलेले, दरवर्षी हातभर पुढं सरकत फाटकापर्यंत आलेले. मधोमध ओढणी खोचून स्वप्ना उभी होती.

"मी सम्मेद. सांगलीहून फरशीचे ब्लॉक आणलेत. प्रबुद्ध सरांची ऑर्डर हाय."

"तो माझा दादा. पुण्याहून वर्षातनं दोनदा येतो. त्याच्या गाडीसाठी मी हे बुजवू देणार न्हाई."

"मग ब्लॉक उतरवू कुठं?"

"सांगलीत!"

हसू दाबत त्यानं तेरड्याच्या बोंडाला हात लावला. ते टचकन फुटलं, बिया उडाल्या… तो दचकून मागं सरला.

"लय चिडकी झाडं हायत तुमची."

"माझ्यावर गेलीत."

टेम्पो भरलेलाच परत गेला. फोनवर दादा खवळला. "घर माझंबी हाय," स्वप्नानं सुनावलं, आणि आई चंद्राबाई लेकीच्या बाजूनं उभी राहिली.

पुढच्या रविवारी सम्मेद बिया मागायला आला. नंतर त्या उगवल्या हे सांगायला. मग… काही कारण नसताना. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

वर्षभरानं, श्रावणातल्या एका रिमझिमत्या संध्याकाळी, उमलत्या गुलबक्षीत तो अडखळत म्हणाला, "स्वप्ना… लग्न करशील माझ्याशी?"

तिच्या काळजात लख्ख झालं. तरी तिनं मान ताठ ठेवली.

"घरी सांगितलंस? तुमी जैन, आमी बौद्ध. लपूनछपून मला जमणार न्हाई."

"आज सांगतो."

"आज न्हाई — आत्ता."

त्यानं तिच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. "आण्णा, मलकापूरच्या स्वप्नाशी लग्न करायचंय मला. बौद्ध हाय ती."

पलीकडनं बापाचा आवाज कडाडला. "घरी ये. बघतो तुझ्याकडं!" फोन कट.

त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब थरथरत होते.

"भ्यालास?"

"व्हय… लय. पण शब्द फिरवायचो न्हाई. तुझं सांग की."

"माझं? हो. शंभरदा हो!" तिनं त्याचा हात घट्ट धरला. "चल."

"कुठं?"

"सांगलीला. तुझ्या एकट्याकडं काय बघायचं? दोघांकडं बघू देत."