डाव्या कानाचा चाप

"तीन आठवडे घरी बसलेय," नर्स म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, मी औषध चोरून पेशंटला पाणी टोचलं. आता मला कुठलाच दवाखाना दारात उभं करत नाही."

गुप्तहेर बाईंनी वही उघडली. त्यांच्या यजमानांनी कपाळाला हात लावला. चोरी नाही, दरोडा नाही. पायपीट कशासाठी, तर कानाच्या गाठीसाठी!

एका तरुणीचे कान टोचले तिथे, दोन्ही पाळ्यांवर, व्रण वाढून गाठी झाल्या होत्या. डॉक्टरांनी त्या कापून काढल्या. पुन्हा वाढू नयेत म्हणून नर्सने दरमहा पाळीत इंजेक्शन द्यायचं आणि तरुणीने दिवसरात्र दाबाचे चाप लावायचे. उजवा कान बरा झाला. डाव्यावर गाठ परत आली.

"दोन्ही पाळ्या मीच शिवल्या, सारख्याच," डॉक्टर गुरकावले. "मग चूक कोणाची?"

तरुणी फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. तिच्या ऑफिसातल्या टेबलावर एकाच, डाव्या कानावर बसणारा हेडफोन पडला होता.

"चाप मी क्षणभरही काढत नाही," ती म्हणाली. "दोन्ही एकाच दिवशी मिळाले, तेव्हापासून कानातच आहेत."

बाईंनी कान जवळून पाहिले. दोन्ही पाळ्यांवर सुईच्या जागी कातडी पांढुरकी पडली होती. उजव्या चापाची गादी पिवळी, चेपलेली. डाव्याची पांढरी, फुगीर.

"तीन दिवस वणवण, आणि हाती धुपाटणं," बाहेर येताच यजमान चिडले.

"अहो, डोळे घरी ठेवून आलात का? चला, सगळ्यांना बोलवू."

संध्याकाळी दवाखान्यात बाई म्हणाल्या, "या औषधाने कातडी फिकट पडते. पाण्याने पडत नाही. ती दोन्हीकडे पडलीय, म्हणजे औषध दोन्हीकडे गेलं. चाप एकाच दिवशीचे, मग डावा कोरा कसा? कारण तो लावलाच जात नव्हता. त्या कानावर दिवसभर हेडफोन असतो."

तरुणीने मान खाली घातली. "चापावर हेडफोन दाबला की जीव जायचा. काम नाही जमत म्हटलं तर काढून टाकतील. म्हणून चाप काढून ठेवला, मग रात्रीही लावला नाही, आणि खोटं बोलले."

"म्हणजे तुझी नोकरी वाचवायला माझी घालवलीस?" नर्सचा आवाज फाटला.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "झालं गेलं विसरा, सिस्टर. उद्यापासून कामावर या."

"तिला त्या डागाचा अर्थ कळत नव्हता," नर्स म्हणाली. "तुम्ही तर तिचा कान दोनदा तपासलात, डॉक्टर."

नर्सने पर्स उचलली आणि ती निघून गेली.