निळ्या दारापाशी बँड थांबतो

हेडफोनची तुटलेली वायर जोडून घ्यायला निशिगंधा रोह्यातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरली आणि दारातच थबकली. आतल्या कॉम्प्युटरमधून ट्रंपेटची ओळखीची धून येत होती. तिच्या निडी गावच्या काळुराम बँडची... तिचे बाबा, जनूभाऊ, बँडच्या पुढे चालत हीच धून वाजवायचे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि डीजेच्या धडाक्यात बँडही कधीचा बंद पडला होता.

दुकानात काम करणारा ऋत्विक कासू गावचा, बँडचे मालक काळुराममामा यांचा भाचा. नोकरी शोधता शोधता त्यानं मामाच्या बँडवर चक्क गोळीबाराचा गेम बनवायला घेतला होता. बँडवाल्याच्या डोळ्यांनी बघत गल्लीबोळांतून पळायचं, हातात बंदुकीऐवजी ट्रंपेट. समोरून डीजेचे काळे खोके पाय फुटल्यासारखे धावत येतात, त्यांना सुरांनी उडवायचं. दम संपला की टपरीवर चहा प्यायचा. असले गेम भावासोबत खेळून निशिगंधा चांगलीच तरबेज झालेली. जरा खेळून मत सांगशील का, असं त्यानं विचारलं. वायर पाच मिनिटांत जोडून झाली. ती मात्र पुढचे तीन रविवार येत राहिली.

तिची मतंही तिच्यासारखीच, तिखट. खोके फार सुस्त पळतात, चहा भलताच लवकर संपतो, आणि ट्रंपेट धरायची ही तऱ्हा बघून कुणालाही वाटेल की माणूस ऊस खातोय. ऋत्विक मान खाली घालून सगळं वहीत लिहून घ्यायचा — आणि मधेच वर बघायचा. त्या बघण्याचं काय करायचं, ते तिला उमगत नव्हतं.

आता हा शेवटचा रविवार. पुण्यात नोकरी लागली होती त्याला, उद्या सकाळी तो निघणार होता. आज तो काही बोलेल, नाहीतर आपणच बोलू, असं ठरवून ती आली होती. पण खुर्चीत बसल्यावर ती आपली खेळतच राहिली.

नवी गल्ली लागली. कौलारू घर, निळं दार, दाराशी तगर... अगदी आपल्या घरासारखं, असं तिला वाटतं न वाटतं तोच ट्रंपेट खाली झुकलं. तिनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. आवाज नाही. मागचे खोकेही जागच्या जागी उभे.

"इथं अडकतोय तुझा गेम," ती म्हणाली. "वाजतच नाय."

"अडकत नाय... सुतकाचं घर हाय ते."

निशिगंधाचा हात माउसवरच राहिला. सुतकाच्या घरापुढून बँड मुक्यानं जातो, ही बँडवाल्यांची जुनी रीत. बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी गल्लीतून एक वरात गेली होती. ती निळ्या दारात उभी होती. बाबांचे सगळे साथीदार वाद्यं खाली करून चालले होते, आणि सगळ्यांत मागे कॉलेजच्या वयाचा एक मुलगा, बँडच्या तालाच्या खुळखुळ्यातला दाणासुद्धा वाजू नये म्हणून खुळखुळा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून, जपून पाऊल टाकत होता. त्याचा चेहरा विसरली, ते हात मात्र तिला कितीतरी दिवस आठवत राहिले होते.

"तो तू होतास?"

"व्हय." तो वहीकडेच बघत होता. "तवापासून एकदा तुला हसताना बघायचं होतं... सगळी बोलतात ही जागा काढून टाक, गेम रखडतो. तू सांग. काढू?"

तिचे डोळे भरून आले आणि त्यातच हसूही आलं. बाहेर उन्हात पाऊस भुरभुरत होता.

"काढू नको. गेममधलं घर मुकंच राहू दे," ती हळूच म्हणाली. "पण माझ्या दारात आता सुतक नाय, ऋत्विक. तिथं बँड घेऊन ये."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग कान लाल झाले.

"डीजे... चालंल?"

"आणून तर बघ. उडवून टाकीन."

ऋत्विकनं टेबलाचा खण उघडला. आत रंग उडालेला तोच खुळखुळा होता, सहा वर्षं सांभाळलेला. त्यानं तो उचलला आणि तिच्याकडे बघत एकदाच वाजवला.