पाचवीच्या दिवशीची ऊब

माझं डोकं पटकन तापतं आणि भुताखेतांच्या गप्पा मला चालत नाहीत, हे आधीच सांगते. मी कन्नड तालुक्यात नर्स आहे. गेल्या पौषात मला एका धनगरवस्तीवर बाळाचं वजन करायला जायचं होतं. काम एवढंच.

बाळ म्हणजे बानाबाईची नात. पाच दिवसांची, पावणेदोन किलोची. पाचवी घरीच पुजायची म्हणून हट्टानं दवाखान्यातून घरी नेलेली. तिच्या आईला, अक्षदाला, मी बाळ उघड्या छातीशी धरायला शिकवलं होतं. पण घरात सासरे, त्यामुळे ती लाजून नुसती मान खाली घालायची. शेवटी मी गरम पिशवी दिली. पिशवीत बाळ, बाळाच्या पाठीशी मेणाची थैली. थैली तापवली की चार तास ऊब देते, घट्ट झाली की पुन्हा तापवायची.

त्या दिवशी मी सकाळपासून संभाजीनगरला, क्रांती चौकाजवळ मीटिंगमध्ये अडकले होते. लक्ष सगळं पोरीकडे. वस्तीवर पोचायला सव्वाचार झाले.

अंगणात बायका पाटा पूजत होत्या. पाट्यावर हळदीकुंकू लावून ठेवली होती माझी मेणाची थैली.

“बानाबाई, ही इथं कशाला?”

“आज सटवाई नशीब लिहाया येती, बाई. हिच्यानंच लेकरू जगलं, म्हणून म्या पुजली.”

“कधीपासून?”

“सकाळपसून.”

थैली हातात घेतली. गार, दगडासारखी. राग आला, पण रागापेक्षा भीती मोठी होती. एवढासा जीव आठ-नऊ तास गारठ्यात कसा तगेल?

मी आत धावले. खिडकीत कापड कोंबलेलं, आत मिट्ट काळोख, वावडिंगाच्या धुरीचा वास. बाजेवर पिशवी चाचपडली. रिकामी...

पलीकडून आवाज येत होता. कुणीतरी बाळाला हळूहळू थोपटत होतं. थप... थप...

“कोण आहे?”

थोपटणं थांबलं. मी मोबाईलचा उजेड टाकला. दुसऱ्या बाजेवर अक्षदा एकटीच गाढ झोपली होती. तिच्या उघड्या छातीशी, मऊ लुगड्यानं नीट बांधलेलं बाळ. मी थर्मामीटर लावलं. छत्तीस पॉइंट आठ. मी मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

अक्षदा जागी झाली.

“कुणी बांधून दिलं गं?”

“तुमीच की, बाई. सकाळी आल्या, दार लावलं. म्हणल्या, सासऱ्याला मी बघते, तू लाजू नको... लई गार हात व्हते तुमचे.”

बानाबाई दारात उभी होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, “व्हय. तुमी आतून बाहीर कवा गेल्या, तेच कळंना मला...”

भिंतीवर खिळ्याला तापमानाचं कार्ड टांगलेलं होतं. आठ, दहा, बारा, दोन, चार. सगळ्या नोंदी माझ्याच अक्षरात. त्याखाली आणखी एक होती. सहा वाजता, छत्तीस पॉइंट नऊ. तेव्हा पाचसुद्धा वाजले नव्हते.

सहाच्या खालची, आठची ओळ कोरी होती. सहानंतर पोरीचं काही बरंवाईट होतं की काय, या भीतीनं मी तिथून हललेच नाही. अक्षदाला धरून, बाळावर नजर ठेवून बसले. खोलीत दुसरं कुणी आलं नाही.

सहा वाजता थर्मामीटर लावलं. छत्तीस पॉइंट नऊ. देवाचे आभार मानत मी कार्डाकडे वळले, तर आठची ओळ भरलेली होती. आकडा चांगला होता.