हान्सोलचे सैल स्क्रू

"ते खाऊ नका!"

माझा घास हवेतच राहिला. कपातल्या नूडल्सवर निळ्या-पिवळ्या रंगाचा प्लॅस्टिकचा तुकडा येऊन पडला होता. समोर एक उंच मुलगा उभा होता, हातात विस्कटलेला क्यूब आणि चेहरा अगदी रडवेला.

"तुमचा क्यूब माझ्या जेवणात काय करतोय?" मी विचारलं.

"फिरवताना उडाला... माफ करा हं, नूना. म्हणजे — तुम्ही मोठ्याच असाल ना माझ्यापेक्षा?"

"मुलीचं वय काढायची नवीन तऱ्हा वाटतं ही?"

तो कानापर्यंत लाल झाला. एका वर्षाने मी मोठी निघाले, म्हणजे वयाने मोठ्या मुलीला मुलं म्हणतात तसं नूना म्हणणं चुकलं नव्हतं. पण ते त्याने इतक्या मऊ आवाजात म्हटलं होतं की माझा राग कुठल्या कुठे गेला.

चोंगजू शहरातल्या त्या क्यूब भरभर सोडवण्याच्या स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत बाद झाले होते. वेळ होता. मी तुकडा पुसून बसवला, स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याच्या क्यूबचे ढिले स्क्रू आवळून दिले. म्हणाले, "पुन्हा बिघडला तर स्टेशनमागे माझ्या मावशीचं स्टेशनरीचं दुकान आहे. मी तिथे क्यूब दुरुस्त करते." हे मी त्याला का सांगितलं, देव जाणे.

पुढच्या शनिवारी तो मुलगा, हान्सोल, दुकानात हजर. "नूना, सैल झाला." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

क्यूब उघडणं सोपं वाटतं, पण तसं नसतं. एक स्प्रिंग सुटली की गेली. तेलाचा थेंब जास्त झाला की क्यूब हातातून पळतो, कमी झाला की अडतो. शिवाय प्रत्येकाचा हात निराळा. मी समोर बसून त्याचे हात बघायची. उजवा घाईचा, डावा सावकाश, करंगळी नेहमी मागे राहिलेली. बघता बघता 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा काउंटरखाली स्प्रिंग शोधताना आमची डोकी आपटली आणि दोघंही तिथेच बसून राहिलो... हसत, कपाळ चोळत.

"आला बघ तुझा सैल स्क्रूवाला," मावशी म्हणायची. "आटे क्यूबचे ढिले नाहीत गं, त्याच्या डोक्याचे आहेत!"

मलाही कळलं होतं. मी आवळलेला स्क्रू आठवड्यात इतका सुटत नाही. तो मुद्दाम सोडत होता. मी मुकाट्याने आवळत होते.

मग थंडीत एके दिवशी तो म्हणाला, "मार्चमध्ये बोलावलंय. सैन्यात."

आमच्या देशात प्रत्येक मुलाला सैन्यात जावंच लागतं, त्यात नवल नाही. पण माझ्या ताईने सैन्यात गेलेल्या एकाची अशीच वाट पाहिली होती. वाट बघणाऱ्या मुलीला लोक 'रबरी जोडा' म्हणून चिडवतात, ते तिने हसत झेललं. तो परत आला आणि महिन्याभरात दुसरीबरोबर फिरायला लागला. ताई कितीतरी दिवस धड जेवली नाही. तिचं ते उष्टं ताट मी उचलायची. तेव्हाच मी ठरवलं होतं, मी कुणाची वाट बघणार नाही. हान्सोलने तसं विचारलं तर काय सांगायचं, याच भीतीने माझा हिवाळा गेला. त्याने विचारलं नाही.

जाण्याच्या दोन दिवस आधी त्याची शेवटची स्पर्धा होती. आयुष्यात पहिल्यांदा तो अंतिम फेरीत पोचला. नावं पुकारायच्या जरा आधी तो माझ्याकडे धावत आला. चेहरा पांढराफटक.

"नूना, स्क्रू धरत नाही."

मी फिरवून पाहिला. नुसताच फिरत होता. दर आठवड्याला सोडून-आवळून आतल्या प्लॅस्टिकचे आटे पार झिजले होते. त्याला आता इलाज नव्हता.

"मीच सैल करायचो," तो खाली मान घालून म्हणाला.

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर आला असतास?"

मी पिशवीतून माझा क्यूब काढला. त्याला मी कुणाला हात लावू देत नसे. माझ्या बोटांना बसेल असा तो करायला मला कित्येक महिने लागले होते. मी त्याच क्यूबचा पहिला स्क्रू सोडला.

"नको! नूना, तुझ्या हाताचं माप जाईल!"

"जाऊ दे. गप्प उभा राहा."

शेवटच्या स्क्रूला तर स्प्रिंग टणकन उडाली आणि बाकाखाली गेली. लाउडस्पीकरवर त्याचं नाव... आम्ही दोघं जमिनीवर पालथे. पुन्हा नाव. "सापडली!" तो ओरडला. स्प्रिंग त्याच्या घामेजल्या तळव्याला चिकटली होती. मी ती बसवली, स्क्रू आवळला, पण क्यूब फिरवून पाहिला नाही. माझ्या बोटांना काय कळणार होतं? तो त्याच्या हातासाठी होता.

त्याने एकदाच फिरवला आणि थबकला.

"कसा आहे?"

"माझाच आहे," तो हळूच म्हणाला, आणि पळाला.

पहिल्या डावात घाबरून त्याचा हात घसरला. पुढचे सगळे डाव छान गेले, पण ती एक चूक भरून निघाली नाही. तो शेवटून दुसरा आला.

बाहेर पायऱ्यांवर बोचरा वारा होता. त्याने क्यूब दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"हरलो. तुझा क्यूबही बिघडवला."

"हान्सोल..."

"वाट बघ असं नाही म्हणणार मी. ताईचं मावशीने सांगितलंय मला."

म्हणून तो इतके दिवस गप्प होता तर! माझा राग, भीती, सगळं एकदम डोळ्यांत आलं.

"वाट-बिट मी बघणार नाहीच," मी म्हणाले. "घरात बसून कॅलेंडर बघणं मला जमायचं नाही. मी येणारे. सुट्टीच्या दिवशी, भेटीच्या दिवशी, बस पकडून येणारे. आणि तू बदललास तर तोंडावर विचारणारे."

मी क्यूब परत त्याच्याकडे सरकवला.

"सैन्यातलं पहिलं शिक्षण संपतं त्या दिवशी मैदानावर घरचं माणूस शिपायाच्या दंडावर झेंड्याची पट्टी लावतं ना? तुझ्या आईला विचार — मी लावली तर चालेल का."

"विचारलंय," तो म्हणाला. "गेल्या महिन्यातच विचारलंय."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मला काय विचारतोस? तिला विचार."