मयत लिहायचा अख्त्यार

गळ्यातल्या लिंगाची आण घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. निजामाच्या राज्यातली गोष्ट, फसली सन तेराशे पन्नासचा वैशाख. का एक्कावन्नचा? बायकोला मी हीच गोष्ट श्रावणातली म्हणून सांगितली होती, कारण श्रावणात माशा जास्त असतात आणि गोष्टीला माशा लागतात. तेव्हा थोडं इकडंतिकडं धरा. पण खरीच.

चाकूरकडं जाणाऱ्या वाटेवर तेव्हा सहा खाटांचा सरकारी दवाखाना होता. मी तिथं ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या उकळायच्या. जळकोटकडं हैजा उठला, पटकीची साथ, म्हणून डॉक्टर आदल्या दिवशीच घोड्यावर गेले होते. मागं राहिल्या नर्स सौदामिनीबाई. चाळिशीच्या, हैद्राबादेत शिकलेल्या, छातीशी पिनेनं घड्याळ अडकवलेलं. त्यांच्या सोबतच्या एका नर्सनं तिथं थंड पडलेल्या बाळंतिणीला मयत लिहून टाकलं होतं. बाळंतीण तिरडीवर उठून बसली. ती वाचली, नर्स सहा महिने कैदेत गेली. तेव्हापासून बाईंचा एकच कायदा होता. नर्सनं बघायचं, मोजायचं, लिहायचं. मयत लिहायचा अख्त्यार डॉक्टरांचा.

मी अंगणात पट्ट्या उकळत होतो. ऊन असं की हंड्याखालचा जाळ दिसत नव्हता. साडेबाराला बैलगाडी आली. गाडीत कडब्यावर ग्यानोबा आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलेली त्याची बायको केवळाबाई. बांधावरून भाऊबंदकी होती. चुलतभाऊ भुजंगनं त्याला औतावरच गाठलं होतं. कुऱ्हाडीचे अकरा घाव. एक कान नव्हता. कवटीच्या भेगेतून आतलं दिसत होतं, आणि उघड्या डोळ्याच्या बुबुळावर माशी बसली होती. पापणी हलत नव्हती.

"बाई, जित्ता हाय ना?" केवळाबाईनं विचारलं.

बाईंनी मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं आणि त्याला आत घ्यायला सांगितलं. खाटेवर ठेवताना मी त्यांच्या कानाशी लागलो. म्हटलं, गेलाय हा, कधीचा गेलाय.

"मलप्पा, ते ठरवायचा अख्त्यार माझा नाही. तुझा तर मुळीच नाही. पाणी आण."

मग आम्ही मेलेल्या माणसाची सेवा सुरू केली. बाईंनी एकेक घाव धुतला, मोजला, मोठ्या वहीत लांबी-खोली लिहिली. मी पट्ट्या बांधल्या. अंग भर उन्हाळ्यात माठासारखं गार होतं. रक्ताचा वास आणि कार्बोलिकचा वास एकमेकांत मिसळले की जिभेवर तांब्याची चव येते, ती अजून येते मला.

एक वाजता बाईंनी वहीत लिहिलं : नाडी, चार.

मला वाटलं, बाईंनी केवळाबाईची दया येऊन लिहिलं. कारण ग्यानोबा जबानीपुरता जिवंत राहिला, पोलिसांच्या अमीनसमोर ती जबानी झाली, तर भुजंग फासावर जाणार होता. नाही झाली तर बायको सोडून दुसरा साक्षीदार नव्हता. जमीन भुजंगच्या घशात, आणि केवळाबाईचाही नंबर लागला असता. मी हळूच विचारलं, बाई, हे काय लिहून राहिल्या?

"लागलं ते. तू बघ."

मी दोन बोटं ठेवली. काही नाही. कौलावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. काही नाही... आणि मग एक ठोका. खोल आडात खडा पडावा तसा. मी हात ओढून घेतला.

दीड वाजता नऊ. दोनला अठ्ठावीस. अंग ताठत चाललं होतं, जबडा दगडासारखा झाला होता. नखं निळी पडली. आणि नाडी वाढत होती. अडीचला एकसष्ट.

"बाई," मी म्हटलं, "मुडदा ताठतोय न् नाडी..."

"लिहिलंय मी."

"असं कशानं हुतंय?"

बाईंनी पहिल्यांदा दाराकडं पाहिलं. "भीतीनं वाढते. कुणी येत असलं की."

कुणी येतच होतं. गाडीवानानं गावात जाऊन सांगितलं होतं की ग्यानोबाची नाडी लागते, नर्सबाई वहीत लिहून राहिली. तीनच्या सुमाराला भुजंग आला. एकटाच. कुऱ्हाड धुतलेली होती, दांडा अजून ओला. केवळाबाई त्याला बघून खाटेखाली शिरली. आधी तो नीटच बोलला. हात जोडले, म्हणाला, आमच्या घरचा माणूस, आम्ही मढं घेऊन जातो, तुम्ही फक्त मयत लिहा. मला तर म्हणाला, मलप्पा, तू तरी सांग बाईला, तू शाणा माणूस हायेस. मी शहाणा होतो, म्हणून गप्प बसलो.

बाई खाट आणि भुजंग यांच्यामधे उभ्या राहिल्या. "डॉक्टरांची सही होईपर्यंत तो माझ्या जबाबदारीवर आहे."

"जबाबदारी कशाची? मेलाय न्हवं त्यो?"

बाईंच्या जागी मी असतो तर हो म्हटलं असतं. एका शब्दाचं काम होतं. त्यांनी वहीत पाहिलं आणि होतं ते सांगितलं.

"नाडी एकशे दहा."

भुजंगनं दांड्याचा तडाखा दिला तो बाईंच्या कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुक्या तुरीची काडी मोडावी तसा. बाई पडल्या. मग त्याची कुऱ्हाड खाटेवर उतरली. अडीच तास गार पडलेल्या देहातून रक्त येत नाही हो, हे ड्रेसरला कुणी शिकवावं लागत नाही. पण पहिल्याच घावाला चिळकांडी उडाली, भिंतीवर, माझ्या तोंडावर. गरम होती. चौथ्या घावाला मान निम्मी सुटली. सातव्याला कुऱ्हाड हाडात अडकली, आणि भुजंग ती ओढत असताना ग्यानोबाचा हात उचलला गेला. त्यानं भुजंगचं मनगट धरलं. गच्च नव्हे. दोन बोटं, नाडी बघतात तशी.

भुजंग तिथंच बसला. अमीन आला तेव्हाही बसलेलाच होता.

लातूरच्या अदालतीत भुजंगच्या वकिलानं मुद्दा चांगला काढला. शेतातले घाव कुणी घातले हे केवळाबाईशिवाय कुणी पाहिलं नाही, आणि ती तर बायको. दवाखान्यातले घाव कबूल, पण ते मुडद्यावर. मुडदा तोडणं म्हणजे खून नव्हे. बाई गळ्यात हात अडकवून उभ्या होत्या. त्याला मयत लिहिलं असतंत तर तुमचा हात वाचला असता, असं वकील हसत म्हणाला. मग सरळ विचारलं, तो जिवंत होता की नाही.

"ते ठरवायचा अख्त्यार माझा नाही," बाई म्हणाल्या. "तीन वाजता एकशे दहा होती. ती लिहिली."

वही ग्राह्य धरली. भुजंगला जन्मठेप झाली. केवळाबाईनं त्या वर्षी स्वतः ज्वारी पेरली.

आता, लिंगाची आण घेतली आहे तेव्हा खोटं कुठलं तेही सांगतो. ग्यानोबानं मनगट धरलं, ते मी घातलेलं. भुजंग पळाला होता. आडापाशी गडीमाणसांनी धरला, आणि अमीन येईपर्यंत त्याची चार बोटं ठेचली. ऐकणाऱ्याला मनगट जास्त आवडतं, म्हणून घालतो.

बाकीचं आहे तसं आहे. दिवस मावळल्यावर डॉक्टर आले. भिंत पाहिली, बाईंचा हात पाहिला, मग ग्यानोबाच्या मनगटावर बोटं ठेवली. मुंडकं धडापासून वीतभर बाजूला होतं. अशा माणसाला मयत लिहायला नाडी बघावी लागत नाही. पण डॉक्टर घड्याळ काढून उभे राहिले. पुरा मिनिटभर. मी कंदील धरला होता, म्हणून मला त्यांचे ओठ दिसत होते. ते हलत होते. चाळीसपर्यंतचे आकडे मी ओठांवर वाचले, मग मीच मान फिरवली.

मग डॉक्टरांनी सही केली.