राखाडी भिंतीला टेकू नका

मी गेले होते फक्त पिवळा रंग आणायला. गणपतीच्या आधी घराला रंग लावायचा ही लालबाग-परळातली जुनी रीत. चाळीत होतो तेव्हा श्रावण लागला की दारोदार रंगाचे डबे दिसायचे आणि नाकात टर्पेंटाइन भरलेलं असायचं. चाळीचा टॉवर झाला म्हणून रीत मोडायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

"हळदी पिवळा द्या," मी म्हटलं.

दुकानदाराने शेडकार्ड पुढे सरकवलं. "मॅडम, हल्ली हे चालतं. बघा, राखाडीतच किती शेड आल्यात. हा धुरकट, हा जरा सिमेंटकडे जाणारा..."

"मी राखाडी मागितला का?"

"नाही, पण तुमच्या टॉवरमध्ये सगळे..."

"सगळ्यांना सांगा, एक बाई हळद घेऊन गेली."

तो हसला. मीही हसले. मला भांडून खरेदी करायला आवडतं.

त्या राखाडी रंगाचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. उभी हयात मी बातमीदारी केली. गिरण्यांना कुलपं लागताना पाहिली, त्या जागी काचेचे मनोरे उभे राहताना पाहिले, पत्रकार परिषदांतली खोटी उत्तरं तोंडावर खोडून काढली. पण माणसांनी हौसेने, पदरचे पैसे घालून, आपलं घर राख फासल्यासारखं करून घ्यावं? भिंती राखाडी, सोफा राखाडी, पडदे राखाडी, देवघराचं दारसुद्धा राखाडी. का, असं विचारलं की उत्तर एकच. "हल्ली असंच असतं." कोण ठरवतं हे हल्ली? मला त्याचा पत्ता हवा आहे.

आमच्या घरात हा रंग आणला पूर्वीने, माझ्या मुलीने. ती लग्न होऊन ठाण्याला असते, पण ताबा मिळाला तेव्हा सगळं काम तिनेच करून घेतलं. शेजारच्या गुणवंतीबाईंचा हॉल तिने पाहिला आणि तसाच रंग आमच्याकडे लावला. मी तेव्हा कुरकुर केली, पण हितेंद्र म्हणाला, "असू दे गो. पोरीची हौस."

हितेंद्र माझा नवरा. हिंदमाताला साड्यांच्या दुकानात आयुष्यभर गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या दाखवत आला. आम्ही फिरायला निघालो की तो रस्ता बघत नसे, रंग बघत असे. "ती बघ, चिंतामणी. तिच्या मागची अंजिरी. आणि ती आमसुली... नाय, धुऊन विटलेली वांगी."

"साड्या बघतोस की बाया?"

"साड्या गो. बाई बघायला घरी एक आहे, ओरडणारी."

गादीवरच्या सवयीमुळे त्याला पाठीला भिंत लागायची. नव्या घरात हॉलच्या भिंतीशी पाट टाकून तो दिवसभर टेकून बसू लागला. हळूहळू बोलणं कमी झालं. मला वाटलं, चाळीतली माणसं पांगली, म्हणून असेल. मग एका सकाळी समोरच्या इमारतीत एका बाईने गॅलरीत साडी वाळत घातली, लख्ख अबोली. मी सहज विचारलं, "ही कुठली रे?"

"राखाडी," तो म्हणाला.

मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय. "आणि शेजारची?"

"ती पण."

शेजारची लालभडक होती, जरीच्या काठाची.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं सांगितलं. डोक्याचा फोटो काढला, तोही चांगला आला. एक डॉक्टर म्हणाले, वयोमान. त्यांच्याशी मी इतकी भांडले की नर्सने पाणी आणून दिलं. माझं मत पक्कं झालं होतं. माणूस त्या रंगात बसून बसून विझत चालला होता. रंग बदलायचा. आत्ताच्या आत्ता.

"पप्पांच्या डोक्याचा आणि भिंतीचा काय संबंध, आई?" पूर्वीने फोनवर विचारलं.

"तुला नाही कळणार. तुला राखाडी आवडतो."

"सगळं फर्निचर त्याला मॅच केलंय गं! पिवळ्यात ते भयाण दिसेल."

"दिसू दे. माझा नवरा फर्निचर नाही."

"तू ना, घरात पण मोर्चा काढशील."

"काढला. उद्या रंगारी येतोय."

रंगारी म्हणजे मयूर, चिंचपोकळीचा, हाताने झपाट्याचा. त्याने दुपारपर्यंत हॉल पिवळा केला. आणि काय सांगू तुम्हाला! हितेंद्र मधोमध उभा राहिला, मान वर करून भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हळदी नाय गो हा. लिंबूच्या पुढचा, हळदीच्या अलीकडचा. आम्ही ह्याला सोनचाफा म्हणायचो."

मी ओरडलेच. पूर्वीला फोन लावून जिंकल्याचं कळवलं. त्या दिवशी त्याने दोन वाट्या सोलकढी जास्त घेतली.

सकाळी उठले तर हॉल राखाडी.

एकही डाग नाही, ठिपका नाही, पिवळ्याचा मागमूस नाही. मयूरला बोलावून घेतलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकून घेत होता, पण लक्ष भिंतीकडे. त्याने तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"ताई, रोलर फिरला की रेघ राहते. ह्याच्यावर... ह्याच्यावर काय फिरलेलंच नाय."

तो निघून गेला. फोन केला तर उचलत नव्हता.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच घाबरायला हवं होतं. मला तर उलट अंगात वारं शिरल्यासारखं झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा बातमी माझ्या घरात येऊन उभी होती. मी उरलेला डबा उघडला, पदर खोचला आणि कोपऱ्याजवळचा पट्टा स्वतः रंगवला. मग जेवण आटोपून समोर खुर्ची टाकून बसले. हितेंद्रला आतल्या खोलीत झोपवलं होतं. म्हटलं, आता बघतेच.

भर दुपार. टॉवरमध्ये दुपारी कोणी नसल्यासारखंच असतं. दूर चिंचपोकळी स्टेशनची उद्घोषणा अर्धीमुर्धी वर यायची आणि विरायची. पंख्याचा आवाज, मग तोही कानाला लागेनासा झाला. आधी वास आला. पेटत्या चुलीवर पाणी ओतलं की येतो तो, ओल्या राखेचा. मग आवाज. कोणीतरी भिंतीच्या पलीकडून तळहात फिरवत होतं. वरून खाली. थांबून पुन्हा वरून खाली. झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा, अगदी मायेने.

आणि पिवळा आत जाऊ लागला. डाग पसरतो तसं नव्हतं ते. रंग आत ओढला जात होता, वाळूत पाणी जिरतं तसा, आणि मागे राखाडी उरत होता. सुरुवात कोपऱ्यातून, गुणवंतीबाईंच्या बाजूने.

मी सरळ जाऊन त्यांची बेल वाजवली.

गुणवंतीबाई मूळच्या शीव कोळीवाड्यातल्या. खणखणीत आवाजाच्या बाई म्हणून मी त्यांना पहिल्या दिवसापासून मानत आले. त्या दुपारी दार त्यांनी अर्धंच उघडलं.

"हॉल छान केलाय तुम्ही," मी आत घुसत म्हटलं. "कोणी लावला हा रंग?"

"डिझायनरनी. फॅशन हाय ना बाय आता."

"डिझायनरचं नाव?"

"आता... केतनला म्हाईत. माझ्या लेकाला."

"केतनला मी लिफ्टमध्ये विचारलंय. तो म्हणाला, मम्मीला माहीत." हे मी ठोकून दिलं. जुनी युक्ती आहे, क्वचितच फसते.

त्यांचा चेहरा पडला. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"आमी निला लावलेला," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्या होडीचा निला. सकाली उठून बगते तं... असा. केतनच्या लग्नाची बोलनी चाललेली. पोरीकडची मानसं घर बगायला येनार. कोनाला काय सांगू? भिंतीला रोग लागलाय सांगू? मी बोल्ले, डिझायनर हाय. फॅशन हाय. त्यांना आवडला. मंग तुजी पोरगी बगून गेली, तिनं पन तसाच लावला..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगते, आनंदाचाही होता तो. मी मजल्यावरची उरलेली दोन्ही दारं ठोठावली. एकाकडे नातवासाठी गुलाबी लावला होता, दुसऱ्याकडे पिस्ता. दोघांनीही आधी फॅशनच सांगितली. दोघंही नंतर खाली बघून कुजबुजले. चाळीतून टॉवरमध्ये आलेली माणसं आम्ही, आम्हाला इथलं काही कळत नाही असं कोणी म्हणू नये, एवढीच धास्ती. म्हणून ज्याची भिंत विझली त्याने छाती काढून सांगितलं, हल्ली असंच असतं. आणि ज्याने ऐकलं त्याने तोच रंग विकत आणला! मी जिन्यात उभी राहून एकटीच मोठ्याने हसले. केवढी बातमी! हे हल्ली कोण ठरवतं ते मला सापडलं होतं.

मग एक प्रश्न राहिला म्हणून पुन्हा गुणवंतीबाईंकडे गेले.

"तुमचे यजमान दिसले नाहीत बरेच दिवसांत. हरेश्वरभाऊ."

त्या चहा गाळत होत्या. "हायत की."

"गावी गेलेत का?"

"कुटं जातील? बसलेत." त्यांनी हनुवटीने दाखवलं. "तुज्या मागं. भिंतीशी."

मी वळले. भिंत होती. फक्त भिंत.

त्यांनी चहाचा कप आणून भिंतीच्या पायाशी, फरशीवर ठेवला. "पयल्यांदा साद द्यायचे," त्या म्हणाल्या. "आता नाय देत... पन चहा घेतात."

मी गुणवंतीबाईंकडे पाहिलं. त्या रडत नव्हत्या. पुन्हा कपाकडे पाहिलं, तेव्हा तो रिकामा होता.

मी धावले. आमचं दार सताड उघडं. हितेंद्र आतल्या खोलीतून उठून बाहेर आला होता आणि आपल्या जागी, भिंतीला टेकून बसला होता. मी रंगवलेल्या पट्ट्यात पिवळा कुठेच राहिला नव्हता. त्याचा सदरा पांढरा होता, समोरून. खांद्यांपासून मागे तो कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, ते मला कळेना.

"हितेन, ऊठ."

"बरा आहे गो इथे," तो म्हणाला. आवाज खोलीच्या पलीकडून आल्यासारखा. "कोणीतरी पाठ चोळतंय... तू चोळतेस ना?"

मी त्याचे हात धरून ओढलं. हलेना. ओलं कापड काचेला चिकटावं तशी त्याची पाठ धरलेली. मग मी जे सुचलं ते केलं. माझा हात, मग खांदा, मग अख्खी पाठ त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये घातली. माझी पाठ भिंतीला पूर्ण टेकली आणि दोन्ही हातांनी मी त्याला पुढे ढकललं. भिंत थंड नव्हती. ती ऊबदार होती, आणि माझ्या पाठीवरून सावकाश, वरून खाली, एक तळहात फिरला. मी एक कचकचीत शिवी हासडली. हितेंद्र सुटला आणि गुडघ्यांवर पडला. मीही भिंतीपासून निघाले. अगदी सहज निघाले.

रंगबिंग गेला खड्ड्यात. घर बदलायचं, भिंत नव्हे! पण आधी त्याला त्याच्या रंगांत नेऊन बसवायचं म्हणून तसंच टॅक्सीत घातलं आणि म्हटलं, "हिंदमाता." ड्रायव्हर हलला तो हितेंद्रने तेच पुन्हा म्हटल्यावर. पूर्वीला वाटेतून फोन लावला, पण ती सारखी "हॅलो, हॅलो" करत राहिली. नेटवर्क.

दुकान तेच होतं, मालकाची पुढची पिढी. श्रेया नावाची मुलगी काउंटरला होती. तिने हितेंद्रला ओळखलं नाही, पण जुन्या गादीवर बसू दिलं आणि त्याच्यासमोर साड्या उलगडायला घेतल्या.

पहिल्या दोन-तीन साड्यांवरून तो नुसता हात फिरवत राहिला. मग ओठ हलले.

"मोरपंखी."

"बरोबर, काका," श्रेया हसली.

"ही तपकिरी नव्हे, खजुरी. ही डाळिंबी. ही रामा हिरवी. आणि ही... अहाहा, अबोली! समोरच्या गॅलरीत त्या दिवशी होती ती हीच!"

एकेक नाव फटाक्यासारखं फुटत होतं. बाकीची मुलं काम सोडून गोळा झाली, टाळ्या वाजवायला लागली. त्याच्या गालांवर रंग चढला होता. मी रडत होते, हसत होते, ओरडत होते, "हितेन! अजून सांग! ती कोपऱ्यातली सांग!"

तो उत्साहाने इकडेतिकडे बघू लागला. दाराकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढे गेली.

"आमची ही कुठे गेली?" त्याने श्रेयाला विचारलं. "आत्ता माझ्याबरोबर होती. हे सगळं तिला ऐकवायचंय."

"काका, तुम्ही तर एकटेच आलात ना?"

"अरे, मी इथे आहे!" मी म्हटलं. मी त्याच्या मागेच होते, हातभर अंतरावर. कोणी वळलं नाही. मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट.

तो दचकला नाही. त्याने खांदा झटकला, मग सदऱ्यावरून बोटं फिरवली आणि त्यांना लागलेली राखाडी भुकटी डोळ्यांजवळ धरून चोळून पाहिली.

"पोरी," तो म्हणाला, "इथे रंगकाम काढलंय का गो?"

"नाही हो, काका."