नजर टिकलीवर ठेव

उमाकांत त्या बुधवारी दुर्गहून व्हिडिओ कॅमेरा भाड्यानं घेऊन आला. बसमध्ये तो मांडीवर असा धरला होता की कंडक्टरनं विचारलं, "भैया, बच्चा है क्या?" हा खुशीत हसला. खरं बाळ वर्ध्याला, बायको वसुंधराच्या माहेरी होतं. अडीच महिन्यांची पोरगी, छोटी. ती येत्या रविवारी पहिल्यांदा भिलाईतल्या सुपेल्याच्या घरी यायची होती.

पोलादाच्या प्लँटमध्ये कारकून असला तरी या माणसाचा जीव सिनेमात. त्यातही थरारपट. तीन तास अंधारात बसून हा गोष्ट पाहायचा नाही, कॅमेरा कुठं ठेवला असेल ते पाहायचा. मग घरी येऊन चहा थंड होईस्तोवर सगळ्यांना समजावून सांगायचा. भूत दाखवायचं नसतं. आधी माणसाचा चेहरा दाखवायचा, त्याची नजर दाखवायची, आणि मग त्या नजरेला उत्तर देणारा शॉट. दोन्ही जोडले की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आलाच पाहिजे. यंदा मंडळाच्या गणपतीत वीस मिनिटांचा स्वतःचा थरारपट दाखवायचा, असं त्यानं साऱ्या सुपेल्यात सांगून ठेवलं होतं. आता माघार घेतली असती तर लोकांनी वर्षभर फाडून खाल्लं असतं.

गोष्ट साधी होती. घरात एकटी बाई, आणि रिकामा पाळणा आपोआप हलतो.

पाळणा घरातलाच होता. आईनं, सिंधुताईंनी, तो नातीसाठी धुऊनपुसून मधल्या खोलीत टांगून ठेवला होता. छताला हूक आधीपासूनच होता, पूर्वीच्या भाडेकऱ्यांचा. उमाकांतला आयताच सेट मिळाला. पण आईनं कपाळाला हात लावला.

"बाबू, रिकामा पाळणा हालवू नये रे. लेकराले भोवते."

"आई, शूटिंग आहे ते."

"शूटिंग तुले माईत. पाळण्याले माईत आहे का?"

त्यानं ऐकलं नाही. ऐकेल तो उमाकांत कसला! लॅम्प जमिनीवर ठेवून त्यानं पाळण्याची सावली भिंतभर केली. छताचा हूक उजेडात चमकत होता, चौकट बिघडवत होता. म्हणून स्टुलावर चढून त्याला काळा ऑइलपेंट फासला. ब्रशखाली गंजाच्या खपल्या लागल्या. आधी घासून घ्यावं, असं मनात आलंही, पण उजेड जात होता आणि कॅमेऱ्याचं भाडं दिवसाप्रमाणे होतं. फासला तसाच.

नटी म्हणजे धाकटी बहीण तारा, कॉलेजातली. कोणाकडे पाहायचं ते चुकू नये म्हणून त्यानं तिच्याच पाकिटातली एक लाल टिकली कॅमेऱ्याशेजारच्या भिंतीवर चिकटवली. "हे बघ, काही झालं तरी नजर टिकलीवर ठेव. हलवायची नाही." पाळणा उमाकांतच्या पाठीमागं होता. त्याला बांधलेला दोरा उमाकांतनं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळला. अंगठा हलला की पाळणा हलायचा, आणि सावली ताराच्या तोंडावरून जायची. पाच वेळा शॉट घेतला. पाचही वेळा पाळणा कुरकुरला, आणि आतल्या खोलीत आईनं पाचही वेळा "राम राम" म्हटलं.

रविवारी दुपारी उमाकांत शॉटांच्या जोडणीला बसला. पुढची खोली, पडदे ओढलेले, दोन व्हीसीआर आणि एक टीव्ही. दाराला आतून कडी घातली होती आणि कोणी ठोठावायचं नाही अशी ताकीद दिली होती. सासरे देवराव छोटीला आणि वसुंधराला घेऊन चारच्या गाडीनं दुर्गला उतरणार होते. ती गाडी दोन-दोन तास उशिरा येते हे आख्ख्या भिलाईला ठाऊक. सहाला निघू, असं यानं ठरवलं.

खोलीत गरम झालेल्या यंत्रांचा वास भरला होता. आवाज बंद ठेवून त्यानं ताराचा पहिला शॉट लावला. चांगला होता. डोळे टिकलीवर स्थिर... आणि मग हलले.

"हिच्या मायची!" उमाकांत पुटपुटला. दुसरा लावला. पुन्हा तेच. तिसरा, चौथा, पाचवा. पाचही शॉटमध्ये तारा आधी टिकलीकडे पाहत होती. मग तिचे डोळे सावकाश वर जात होते, एखाद्या उंच जागी थांबत होते, आणि एकदम झटक्यानं खाली फरशीवर येत होते. सावलीमुळं असेल म्हणावं, तर सावली डावीकडून उजवीकडे जात होती. नजर वर-खाली.

त्यानं मधलं दार किलकिलं करून बहिणीला हाक मारली.

"तारे, तुले टिकलीवर पाहा म्हटलं होतं ना? वर काहून पाहिलं?"

"मी टिकलीवरच पाहून राहिली होती, दादा. कसम से."

"पाचही वेळा?"

"पाचही वेळा. मान अकडून गेली माझी. अब बस भी कर ना." आणि ती मैत्रिणीकडे निघून गेली.

आता काय करावं? कॅमेरा परत करून झाला होता. त्यानं ठरवलं, आहे त्यातच भागवू. नजर वर गेली आहे ना, मग वरचं काहीतरी जोडू. त्यानं पाळणा जोडून पाहिला, पण जमेना. तिची नजर पाळण्याहून उंच होती. पाळण्याच्या साखळ्या जोडल्या. त्याहूनही उंच. मग त्याला आठवलं, कॅमेरा साखळीवरून वर नेत नेत त्यानं एकदा हुकापर्यंत नेला होता. तो तुकडा त्यानं शोधला आणि लावला.

ताराचा चेहरा. नजर वर. हूक.

बसला! नखभरही इकडे-तिकडे नाही. उमाकांतला आनंद व्हायला हवा होता, पण तो टीव्हीच्या आणखी जवळ सरकला. पडद्यावर हूक मोठा दिसत होता. काळ्या रंगात एक बारीक लालसर रेघ उठली होती. रंग वाळताना उठेल तशी नव्हती. पाळण्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर ती रेघ उघडत होती... मिटत होती... उघडत होती.

त्यानं पुढचा तुकडा जोडला. नजर झटक्यानं खाली. पाळण्याखालची रिकामी फरशी.

चेहरा, हूक, चेहरा, फरशी.

आयुष्यभर तो लोकांना सांगत आला होता की दोन शॉट जोडले की तिसरा अर्थ निघतो. तो अर्थ आज त्याच्यासमोर बसला होता. आणि त्याच घटकेला मधल्या खोलीतून कुजबुज ऐकू आली.

"झोपली का?"

"हो आई, स्टेशनावरूनच झोपली. पाळण्यात टाकते तिले."

गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती. स्टेशनावर जावई दिसेना, म्हणून देवराव ऑटो करून मागच्या दारानं आले होते. पुढच्या दाराला कडी होती ना!

"वसू!" तो ओरडला. पाय वायरमध्ये अडकला, एक व्हीसीआर खाली आला, मधल्या दारावर खांदा आपटला. आत वसुंधरा पाळण्यावर वाकली होती. छोटीची पाठ दुपट्याला टेकली होती, मानेखालचा हात तेवढा निघायचा होता. उमाकांतनं दोन्ही हात खाली घालून पोरीला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं. ती किंचाळून रडायला लागली.

"काय करून राहिले तुम्ही!" वसुंधरा घाबरून मागं सरली. "झोपली होती ना ती!"

त्यानं पोरगी तिच्या हातात दिली आणि पाळण्याच्या काठावर नुसता तळहात टेकला. दाबलासुद्धा नाही धड. कट्ट असा आवाज झाला, आणि हूक, साखळ्या, शिसवी पाळणा सगळं फरशीवर आलं. एक फरशी मधोमध फुटली. पितळी घुंगरू कोपऱ्यापर्यंत घरंगळत गेलं आणि थांबलं.

छोटी रडत होती, आणि ते रडणं ऐकून सगळ्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! देवरावांनी भिंतीला टेकून हात जोडले. सिंधुताई मटकन खाली बसल्या. उमाकांत तर पोरासारखा ढसाढसा रडला. "माझं चुकलं, आई. खपल्या लागल्या होत्या मले. मीच रंग फासला त्याच्यावर."

आईनं त्याला दोन शब्द सुनवले, मग मीठमोहऱ्यांनी आधी नातीची आणि मग त्याचीही दृष्ट काढली. चहा झाला. तारा परतली तेव्हा घरात हसणं चालू होतं, अगदी पाळण्याचे तुकडे बाजूला सारता सारता. देवराव म्हणाले, "जावईबापू, स्टेशनावर आले असते तर आज आपली पोरगी गेली असती. तुमचा विसरभोळेपणा पावला!" वसुंधरा हसता हसता डोळे पुसत होती. त्या रात्री घर फार सुखानं झोपलं.

गणपतीत उमाकांतनं सिनेमा दाखवला नाही. मंडळींनी चिडवलं, त्यानं चिडवून घेतलं. टेप मात्र त्यानं एकदाच पुन्हा पाहिली, वसुंधराला शेजारी बसवून. त्या दिवशी घाईत त्यानं प्रत्येक शॉट फरशीपर्यंतच पाहिला होता. पुढचे दोन-तीन सेकंद राहिले होते. त्यात ताराची नजर फरशीवरून उठत होती, हळूहळू खोली ओलांडत होती, कोणीतरी चालत जावं आणि आपण त्याच्याकडे पाहत राहावं तशी, आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबत होती.

"तिथं कोण उभं होतं?" वसुंधरानं हळूच विचारलं.

"कोणीच नाही... आई तर आतल्या खोलीत होती."

तिनं टीव्ही बंद केला. "जे कोणी होतं, भल्याचं होतं. आपली पोरगी आहे ना घरात? पुरे."

दिवाळीत छोटी पाच महिन्यांची झाली. आता ती मधल्या खोलीत गोधडीवर, जमिनीवरच झोपायची. भाऊबीजेच्या सकाळी उमाकांत तिच्याजवळ बसला होता. ती आपल्याच नादात भिंतीकडे पाहत होती, लाल टिकली अजून होती तिथं. मग तिचे डोळे सावकाश वर गेले, छताच्या भोकाशी थांबले, खाली फुटक्या फरशीवर आले, आणि खोली ओलांडत ओलांडत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन टेकले. तिथं पाहून पोरगी बोळकं पसरून खुदकन हसली.

उमाकांतची पाठ त्या दाराकडे होती. नजरेला उत्तर देणारा शॉट लागतो, हे त्याच्याइतकं सुपेल्यात कोणाला ठाऊक होतं? पण त्यानं मान वळवली नाही. तो लेकीच्या हसऱ्या तोंडाकडेच पाहत राहिला, आणि पाठीमागं कोणाला तरी जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "बसा."